पाडव्याला शेजारच्या टेबलावर

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात माझी मेक्सिकन शेजारीण दारात उभी राहिली आणि झेंडूची फुलं कुठे मिळतील असं तिने विचारलं. डब्लिनच्या आमच्या ओंगारमध्ये असले प्रश्न कोणीही कोणालाही विचारतं, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमची घरं एका भिंतीने जोडलेली आहेत. तिने मिक्सर लावला की मला कळतं आणि मी कुकर लावला की तिला.

"मागच्या वर्षी तुझ्या दारावर माळ होती," ती म्हणाली. "या वर्षी नाही दिसली."

"या वर्षी नाही लावली."

का ते तिने विचारलं नाही. एप्रिलमध्ये माझे बाबा गेले आणि मी नागपूरला धावले, तेव्हा माझी पार्सलं तिनेच घरात घेऊन ठेवली होती.

मी तिला मेन स्ट्रीटवरच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानाचा पत्ता सांगितला. त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोवीन एकाच आठवड्यात येऊन आदळले होते. लक्ष्मीपूजन एकतीसला की एकला, यावरून व्हॉट्सॲपवर पंचांगांची हमरीतुमरी चालू होती. दुकानदार शहाणा, त्याने दोन्ही दिवसांची फुलं मागवून ठेवली होती.

"खोकी भरून असतील त्याच्याकडे," मी म्हणाले.

"ग्रँड," ती म्हणाली. आयर्लंडमध्ये येऊन तिने 'ठीक, छान' अशा अर्थाचा हा एक शब्द उचलला होता आणि तो ती सगळीकडे वापरत असे, स्वोर्ड्स गावाची बस चुकली तरी.

फुलं कशासाठी हवीत ते मला माहीत होतं, कारण आदल्या वर्षी त्यातच मी तोंडघशी पडले होते. 'घरी छोटंसं काहीतरी आहे, ये' असं म्हणून तिने बोलावलं होतं. गेले तर दिवाणखान्यात पायऱ्यापायऱ्यांचं टेबल, वर कागदी पताका, झेंडू, फळं, मेणबत्त्या. माझ्या डोक्यात आपोआप गणपतीची आरास सुरू झाली. मी बूट काढले, पुढे झाले, समोरच्या फोटोला हात जोडले आणि सवयीने ताटलीतल्या पावाचा तुकडा मोडून प्रसाद म्हणून तोंडात टाकला. खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. फोटो त्यांच्या कुत्र्याचा होता. पाव तिच्या वडिलांसाठी होता आणि ते अजून यायचे होते.

मग तिने मला सगळं नीट समजावलं. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मेक्सिकोतली मेलेली माणसं आपापल्या घरी जेवायला येतात. पहिल्या दिवशी लहान मुलं, दुसऱ्या दिवशी मोठी माणसं. लांबून येतात म्हणून आधी पाण्याचा पेला. वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या आणि धूप. मग ज्याला जे आवडायचं ते. वडिलांना बिअर, आजीला सिगारेट, कुत्र्याला हाड. ती हे सांगत होती ते पाहुण्यांची गाडी किती वाजता पोचते हे सांगावं अशा सुरात. मध्येच हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. मी नक्की कोणता चेहरा करून ऐकायचं ते मला समजेना, म्हणून मी माझा ऑफिसातला चेहरा केला.

ऑफिसात आमच्याकडे या सणाचाही एक सोहळा होतो. आमच्या कंपनीने दिवाळी आणि हा मेक्सिकन सण एकाच दुपारी उरकायचं ठरवलं होतं, दोन्हीकडे झेंडू लागतो या कारणाने. कँटीनमध्ये रांगोळीचं स्टिकर, त्याच्या मधोमध कवटी. एका वरिष्ठांनी कपाळाला टिळा लावून आणि डोक्यावर मोठी मेक्सिकन टोपी घालून भाषण केलं की सगळ्या संस्कृती शेवटी एकच गोष्ट सांगतात. हे वाक्य ऐकलं की मला संशय येतो. सगळ्या एकच सांगत असत्या तर इतक्या ठेवल्या कशाला.

हा संशय मला बाबांकडून आला. बाबा पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर. देव, धर्म, सत्कार, शाल, श्रीफळ आणि मंत्र्यांची भाषणं या सगळ्यांविषयी त्यांचं एकच मत होतं आणि ते छापण्यासारखं नव्हतं. मी सुट्टीवर घरी गेले असताना एकदा गॅलरीत बसून त्यांनी मला सांगितलं होतं, "देहदान करायचं. दहावा नाही, तेरावी नाही, वर्षश्राद्ध नाही. फोटोला हार घालायचा नाही. आणि माझ्या नावाने ताट वाढायचं नाही. मला जे खायचं ते मी आत्ता खाऊन राहिलो आहे."

आई शेजारी बसून मटार सोलत होती. ती काही बोलली नाही. तो होकार आहे असं मी धरून चालले, आणि बाबांनीही.

एप्रिलमध्ये सगळं त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झालं. मेडिकल कॉलेजची गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली. गाडी गेल्यावर अंगणात माणसं नुसती उभी राहिली. खांदा द्यायचा नव्हता, कुठे जायचं नव्हतं, येऊन आंघोळ करायची की नाही तेही कोणाला ठरवता येईना. काका माझ्याजवळ आले.

"मग आम्ही यायचं कधी?"

"कशाला काका?"

"तेच तर विचारून राहिलो."

आईने सगळ्यांना चहा केला. पुढे महिनाभर येईल त्याला ती चहाच करत होती. सप्टेंबरमध्ये मी तिला डब्लिनला घेऊन आले. इथे चहा प्यायला कोणी येत नव्हतं, तर ती कपाट आवरायची, ज्याला इथे सगळे प्रेस म्हणतात, आणि आवरून झालं की परत काढायची. दसऱ्याला तिने तोरण केलं नाही. "सुतक नको म्हणाले होते बाबा," मी म्हणाले. "मी कुठे सुतक धरून राहिली?" ती म्हणाली. "फुलं आणायची राहिली." त्या दिवशी आम्ही दोघी दुकानात जाऊन आलो होतो आणि ती झेंडूच्या खोक्याशेजारून दुधाची बाटली घेऊन निघाली होती, याची मी तिला आठवण करून दिली नाही.

शेजारीण दुसऱ्याच दिवशी फुलांनी भरलेल्या दोन पिशव्या घेऊन आमच्याकडे आली, कारण दुकानदाराने तिला सांगितलं होतं की माळा ओवायच्या तर मराठी बाई गाठ. आईने सुई-दोरा काढला. ती निवृत्त शिक्षिका आहे आणि तिचं इंग्रजी फळ्यावर लिहिल्यासारखं सुटं सुटं असतं, शेजारणीचंही तसंच. दोघींचं छान जमलं. माळ कोणासाठी हे कळल्यावर मात्र आईचा हात थांबला.

"मेलेल्यांसाठी झेंडू?" तिने मला मराठीत विचारलं. "हे दसऱ्याचं फूल आहे ना गं?"

झेंडू मुळात मेक्सिकोचाच, तिकडूनच जहाजातून आपल्याकडे आला, असं मी तिला सांगितलं. मी वाचलं होतं. आईने फूल उलटंपालटं करून पाहिलं, भाड्याने आणलेली वस्तू आपण स्वतःची म्हणून वापरत होतो हे कळल्यासारखं.

"म्हणजे आपणच यांचं फूल दाराला लावून राहिलो इतके दिवस," ती म्हणाली आणि पुढचं फूल ओवलं.

माळा झाल्या. जाताना शेजारीण आईला म्हणाली, "सेन्योरा, दोन तारखेला तुमच्या मिस्टरांचा फोटो घेऊन या. मी जागा ठेवते. त्यांना काय आवडायचं?"

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. "वडाभात," ती म्हणाली.

एप्रिलनंतर वडाभात हा शब्द आमच्या घरात कोणी काढला नव्हता.

शेजारीण गेल्यावर मी आईला आठवण करून दिली की बाबांनी ताट नको म्हटलं होतं. हे म्हणताना माझा आवाज कोर्टात उभं राहिल्यासारखा निघाला. पण दुसरं कोण उभं राहणार होतं? बाबांच्या बाजूने आता मी एकटीच उरले होते.

"श्राद्धाचं ताट नको म्हणाले ते," आई म्हणाली. "मेक्सिकोचं काही बोलले नव्हते."

"आई, त्यांना मेक्सिकोचं काही माहीतच नव्हतं."

"मग कसं नाही म्हणतील?"

"अगं, पण अर्थ तोच ना."

"तूच म्हणतेस ना सगळ्या संस्कृती एकच सांगतात हे खोटं आहे म्हणून."

आई कधी कधी ऐकत असते हे मी विसरते.

मी चिडले होते आणि कशाने ते कळत नव्हतं. आईने दसऱ्याला तोरण केलं नाही तेव्हा मला वाईट वाटलं होतं, की बाबांचं ऐकून तिला रडायची जागासुद्धा उरली नाही. आता तिला एक जागा मिळत होती, भिंतीपलीकडे, फुकट, तर मी ती अडवत होते. बाबा येणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. येणार नसलेल्या माणसाला जेवायला वाढलं तर त्याचा शब्द मोडतो का? आणि मोडत असेल तर कोणाला लागतो?

एकतीसला संध्याकाळी सांगाड्यांचे कपडे घातलेली मुलं दारोदार फिरली. आईने स्वयंपाकघरात एक पणती लावली होती, खिडकीत ठेवली नव्हती. दार तीच उघडत होती आणि प्रत्येक सांगाड्याला "ये बाळा" म्हणून चॉकलेट देत होती.

एक तारखेला दुपारी आम्ही दोघी टेबल बघायला शेजारी गेलो. फोटो आईच्या पर्समध्ये होता. शेजारणीचा नवरा दिवाणखान्याच्या दारात खुर्चीवर चढून धुराच्या अलार्मला शॉवर कॅप घालत होता. धूप लावला की तो बोंबलतो. हा माणूस मेक्सिकोच्या अगदी उत्तरेकडचा, वाळवंटातला, घरून सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो.

"आमच्या गावात हे काही नव्हतं," तो खुर्चीवरून म्हणाला. "आम्ही हॅलोवीन करायचो, अमेरिकन. मी शाळेत असताना बाईंनी एकदम सांगितलं की ही आपली प्राचीन परंपरा आहे. घरी जाऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, कुणाची?"

"आणि ती मोठी मिरवणूक?" मी विचारलं. "मेक्सिको सिटीची?"

"ती तर एका इंग्रजी सिनेमात दाखवली, मग लोकांना आवडली म्हणून खरोखरची सुरू केली."

मला फार बरं वाटलं. बाबांनी हे टाळी देऊन ऐकलं असतं. मी आईकडे पाहिलं, तर ती टेबल बघत होती. तिला मिरवणुकीशी काही देणंघेणं नव्हतं.

शेजारणीने फोन फळांच्या टोपलीला टेकवून ठेवला होता आणि पडद्यावर तिची आई होती, दक्षिणेकडच्या त्यांच्या गावातून. टेबल बरोबर मांडलंय का हे ती दर वर्षी अशी तपासते. मीठ इकडे, पाणी तिकडे, आजीची सिगारेट कुठे आहे. शेजारणीने तिला माझ्या आईची ओळख करून दिली, आणि या सेन्योराच्या मिस्टरांचा फोटो उद्या ठेवणार आहोत असं बहुतेक सांगितलं. पडद्यावरच्या बाईंनी दोन प्रश्न विचारले. शेजारणीचा चेहरा उतरला.

"आई विचारते, ते कधी गेले?"

"एप्रिलमध्ये," मी म्हणाले.

पडद्यावर मान हलली, नाही म्हणून. शेजारीण इंग्रजीतून सांगू लागली, सांगताना मध्येच आईशी स्पॅनिशमध्ये भांडू लागली. आम्हाला कळलं ते असं: वर्ष पुरं झालेलं नसेल तर त्या माणसाला यायची परवानगी नसते. तो तिकडे अजून नवा असतो. इतरांची घरं उजळलेली त्याला दिसतात, पण निघता येत नाही. अशा वेळी फोटो मांडला तर त्याला उगाच त्रास होतो.

हे ऐकून मी चकित झाले, पण आई झाली नाही. तिने हळूच मान डोलावली.

"आपल्याकडेही तसंच आहे," ती मला म्हणाली. "पहिलं वर्ष पुरं व्हावं लागतं. त्याआधी पितृपक्षात घेत नाहीत. काही जण भरणी श्राद्ध करतात, काही म्हणतात तेही नाही करायचं. यावरून तुझ्या आत्याचं आणि काकांचं भांडण झालं होतं आजोबांच्या वेळी."

म्हणजे बाबांनी एका नियमातून सुटका करून घेतली, आई दुसऱ्या नियमाच्या आडोशाला गेली, आणि तिथेही तोच नियम वाट बघत बसला होता. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. बाबांचा शब्द मेक्सिकोनेच राखला होता, मला वाईटपणा घ्यावा लागला नव्हता. पण मला आनंद झाला नाही. त्या बाईंचा रागच आला. कुठल्या खिडकीवर देतात ही परवानगी, आणि तिथे साहेब जेवायला गेलेला असतो का, हे मला विचारायचं होतं.

शेजारीण हार मानत नव्हती. तिच्या वडिलांकडच्या गावात अगदी उलट आहे, ती म्हणाली. तिथे पहिल्या वर्षीचं टेबलच सगळ्यात मोठं, छतापर्यंत, पांढऱ्या साटीनचं, आणि अख्खा गाव येऊन जेवून जातो. तिची आई पडद्यावरून काहीतरी एकच वाक्य बोलली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणते, म्हणून तर तुझ्या वडिलांकडचे सगळे कर्जात मेले."

नवरा खुर्चीवर हसला आणि शॉवर कॅप खाली पडली.

मग शेजारणीला एक वाट सुचली. टेबलाच्या कडेला एक पाण्याचा पेला होता, त्याच्यासमोर फोटो नव्हता. तो ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी असतो, ती म्हणाली, विसरलेल्यांसाठी. त्यांना परवानगीबिरवानगी लागत नाही. सेन्योरांनी त्या पेल्याशेजारी ताट ठेवलं तर कोणी काही म्हणणार नाही.

आईने तिचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग पर्सची चेन लावली.

"ते बेवारशी नाहीत," ती इंग्रजीत म्हणाली. बेवारशी हा शब्द मात्र मराठीतच आला, आणि कोणी त्याचा अर्थ विचारला नाही.

आम्ही घरी आलो. आईने कपाटातल्या डाळी काढल्या, तूर, चणा, मूग, उडीद, थोडी मटकी, आणि भिजत घातल्या. मला वाटलं, डाळीच तर आहेत.

दोन तारीख शनिवार होती आणि पाडवा होता. हे मला सकाळी आईला साडी नेसलेली बघितल्यावर लक्षात आलं. पाडव्याला आई बाबांना ओवाळायची. बाबा हातातला पेपर न ठेवता बसायचे. "बळीराजाचा नि माझा काय संबंध," असं म्हणायचे, आणि तिने टिळा लावताना मान मात्र बरोबर वर करायचे. मग ताटात काहीतरी टाकायचे, बहुतेक वेळा स्वतःलाच हवं असलेलं पुस्तक. सगळ्या कर्मकांडातलं हे एक त्यांनी कसं चालवून घेतलं ते मी कधी विचारलं नव्हतं.

आईने डाळी भरड वाटल्या, वडे तळले, मोकळा भात केला. हिंग-मोहरीची फोडणी केली तेव्हा वास भिंतीपलीकडे गेला असणार. चव घेतली नाही. मी एक वडा उचलायला हात पुढे केला तर तिने तो हलकेच बाजूला केला, तेव्हा मला कळलं.

"आई, काल त्या नको म्हणाल्या ना."

"ऐकलं मी."

"मग?"

"तू तेलाची कढई घे. गरम आहे, फडक्याने धर."

तिने ताट वाढलं. एका तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. बाकीचा वडाभात एका डब्यात. भर दुपारी, तरी आकाश भरून आलेलं, आम्ही दोघी तेवढं सगळं घेऊन स्वतःच्या दारातून निघालो आणि शेजारच्या दाराशी उभ्या राहिलो. समोरचा आयरिश शेजारी गाडी पुसत होता. त्याने हात केला, हातात कढई असल्यामुळे मी मान हलवली.

शेजारणीने दार उघडलं, ताटाकडे पाहिलं आणि बाजूला झाली. फोन तसाच टोपलीला टेकलेला होता, पडद्यावर तिची आई होती. माझी आई सरळ पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुझ्या आईला सांग," ती शेजारणीला म्हणाली, "यांना परवानगी नसेल तर येणार नाहीत. मी बोलवायला नाही आली. पण आज आमचा पाडवा आहे. आज बायको नवऱ्याला ओवाळते."

शेजारणीने ओवाळणं म्हणजे काय ते विचारून घेतलं. मी कढई खाली ठेवून हाताने गोल फिरवून दाखवलं. तिने भाषांतर केलं. पडद्यावरून प्रश्न आला.

"आई विचारते, तुमच्याकडे गेलेल्या नवऱ्यालाही ओवाळतात का?"

"नाही," आई म्हणाली. "आमच्याकडेही नाही चालत."

हे भाषांतर करायला शेजारणीला थोडा वेळ लागला. माझ्या मनात आलं, आता इथे तीन नियम हजर आहेत. बाबांचा, मेक्सिकोचा आणि आपला. तिन्ही नाही म्हणतात. माझं काम बाबांच्या वतीने बोलायचं होतं आणि ही बोलायची वेळ होती. मी तोंड उघडलं, तर पडद्यावरच्या बाई आधी बोलल्या. त्या चष्मा काढून पुसत होत्या.

"आई म्हणते," शेजारीण म्हणाली, "डावीकडे थोडी जागा आहे. मी पपांना सरकवते."

तिच्या वडिलांचा फोटो सरकला. आईने पर्समधून आमचा फोटो काढला. कोणाच्या तरी लग्नातला, बाबा आणि ती शेजारी शेजारी उभे. बाबांचा एकट्याचा चांगला फोटो नव्हताच, कारण एकट्याने फोटो काढून घेणं हाही त्यांच्या मते सत्काराचाच प्रकार होता. पडद्यावर लगेच हात वर झाले. फोटोतली बाई कोण? या सेन्योराच? छे, जिवंत माणसाला या टेबलावर ठेवायचं नाही, काही झालं तरी नाही.

"मला मागे दुमड," आई मला म्हणाली.

मी फोटो मधोमध दुमडला. बाबा पुढे राहिले, आई मागे गेली. फोटो एका संत्र्याला टेकवून उभा केला. कागद जाड होता, तो हळूहळू उघडू लागला आणि बाबांच्या मागून आईच्या साडीचा काठ दिसायला लागला. शेजारणीच्या नवऱ्याने पुढे होऊन बिअरची बाटली त्याच्या कडेला लावली, तेव्हा तो थांबला.

आईने ताट ठेवलं, वड्यांवर तेल सोडलं. निरांजन लावलं. काचेवर नाही, नुसत्या कागदावर तिने कुंकवाचं बोट टेकवलं. सुपारीने ओवाळलं, मग तबकाने. बाबा फोटोत कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघत होते, कोणीतरी भाषण करत असावं. मग तिने अक्षता टाकल्या. धूप, तेल आणि हिंग यांचा एकत्र वास आला आणि कॅप घातलेली असूनही अलार्म वाजायला लागला. नवरा खुर्ची आणायला धावला. पडद्यावर त्या बाई छातीवर क्रॉसची खूण करत होत्या. आई तबक हातात घेऊन उभीच होती, अलार्म थांबेपर्यंत, आणि मला ती ओवाळणीची वाट बघतेय असं वाटलं. मी खिशात हात घातला. खिशात काही नव्हतं. असतं तरी ते मी द्यायचं नव्हतं.

मग आम्ही सगळे जेवलो. ताटातलं नाही, डब्यातून आणलेलं. त्या दोघांनी वड्यांवर इतकं तिखट घातलं की आईने कौतुकाने पाहिलं. टेबलावरचं ताट रात्रभर तिथेच ठेवायचं असतं, शेजारीण म्हणाली. सकाळी त्याला वास उरत नाही, मग खायला हरकत नसते.

परतताना आम्ही दोन्ही घरांमधलं बुटकं कुंपण ओलांडलं. आई साडी सावरत होती.

"बाबांना चाललं असतं का गं?" मी विचारलं.

"नसतंच चाललं."

ती किल्ली शोधत होती.

"मग?" मी म्हणाले.

"मग काय. त्यांना चालत नाही म्हणून काय काय नाही केलं मी, तुला काय माहीत. आज केलं." तिने दार उघडलं. "तू नको करू माझ्यावेळी, तुला नको असेल तर. पण मला काय हवं ते आधी विचार तरी."

मी तिथेच, दारात, विचारायला हवं होतं. पण मला एकदम कळेना की हा प्रश्न विचारतात कसा, कोणत्या शब्दांत. बाबांनी न विचारता सांगितलं होतं. आई आत गेली आणि तिने दिवाणखान्यातला दिवा लावला. मी बूट काढले, तिच्यासमोर जाऊन बसले, आणि म्हणाले, "सांग."

"थांब," ती म्हणाली. "आधी साडी बदलू दे."